उसाच्या अड्ड्यावर बारक्यांची बालवाडी कशी सुरू करायची

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कुठंबी बघा, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर लागलेले, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, सरपण, खुराड्यात कोंबड्या, एखादी शेळी आणि ह्या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. तिथून पुढं पाच-सहा महिने घर म्हणजे पाचटाची (उसाच्या वाळल्या पाल्याची) नाहीतर ताडपत्रीची कोपी, म्हणजे झोपडी. कोणी सांगली-कोल्हापूरला जातं, कोणी कर्नाटकात, आणि बरेच जण इथंच मराठवाड्यातल्या कारखान्यांवर, माजलगाव, अंबाजोगाई, अंबड, लातूर ह्या भागात. मी खाली जे लिहितोय ते ह्या जवळच्या अड्ड्यांवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांच्या वस्त्यांवर, केलेल्या कामातून आलेलं आहे, पण कोपी कुठलीबी असली तरी बहुतेक तसंच लागू पडेल.

पहिलीच्या पुढच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात, कुठं चांगली चालतात कुठं नाही, पण असतात. सहा वर्षाच्या आतलं लेकरू मात्र आईच्या मागंच जातं, त्याला दुसरा मार्गच नाही. आणि ते गेलं की त्याला सांभाळायला त्याची आठ-नऊ वर्षाची बहीण पण जाते. माझ्या घरात हेच झालं. मी तीन वर्षाचा, आई-बाप पहाटं फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, आणि आक्का मला काखेला मारून कोपीच्या दारात बसायची. मी पुढं शिकलो, आक्काची शाळा तिसरीतच सुटली. म्हणून मी जिथं जाईल तिथं पहिल्यांदा हेच सांगतो की बारक्याची बालवाडी म्हणजे मोठीची शाळा. तीन वर्षाच्या लेकराला सांभाळायला भरवशाचं माणूस मिळालं की दुसऱ्या दिवशी एक पोरगी मोकळी होते. बालवाडीत किती गाणी शिकवली ह्याच्या आधी मी किती आक्का शाळेत गेल्या हे मोजतो.

अंगणवाडीच्या ताया, बचत गटातल्या बाया, गावातली शिकलेली पोरं-पोरी, कारखान्याजवळच्या शाळेतले गुरुजी, कोणीबी हे करू शकतं. लई पैसा लागत नाही, पण रोज जावं लागतं. त्याची तयारी नसेल तर सुरूच करू नका, कारण चार दिवस चालून बंद पडलेल्या बालवाडीनंतर त्या अड्ड्यावरच्या आया पुढच्या माणसावर विश्वास ठेवत नाहीत.

गाडी भरायच्या आधी

सुरुवात गावातच करा. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशाची) यादी असते, कोयत्यानं मोजलेली, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असला तर अर्धा कोयता. त्या यादीत लेकरं नसतात कारण लेकरांच्या नावावर उचल नसते. म्हणून ती यादी घेऊन बसायचं आणि प्रत्येक कोयत्यापुढं लेकरांची नावं, वय, कुठल्या अंगणवाडीत नाव आहे, आणि ती टोळी कुठल्या कारखान्याला चाललीये हे लिहून काढायचं. मुकादम आधी कुरकुर करतात, पण लेकरं नीट सांभाळली गेली तर बायांचे खाडे कमी होतात हे त्यांना समजावून सांगितलं की बहुतेक जण यादी देतात.

मग कागदं. लसीकरणाचं कार्ड, जन्माचा दाखला, आधार, हे तिन्ही एका प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून पेटीच्या तळाशी, आणि तिन्हीचे फोटो आईच्या आणि बापाच्या दोघांच्या मोबाईलमध्ये. एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका, हंगामात मोबाईल पडतात, भिजतात, विकले पण जातात. कार्डावर कुठला डोस राहिलाय ते बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्याला, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यात, आणि पाच ते सहा वर्षाला डीपीटीचा बूस्टर, हे तीन डोस आमच्याकडं जास्त करून चुकतात कारण बरोबर तेव्हाच लेकरू कोपीत असतं. जो डोस द्यायची वेळ झालीये तो निघायच्या आधी देऊन घ्या, आणि आईला सांगा की लस कुठल्याबी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आपल्याच गावची नर्स पाहिजे असं काही नाही. हे लई बायांना माहीतच नसतं.

गावातल्या अंगणवाडी ताईला भेटून सांगा की हे लेकरू अमुक ठिकाणी चाललंय. पोषण ट्रॅकर ॲपवर लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत हलवायची सोय आहे, परराज्यात गेलं तरी. ताईनं हे केलं नाही तर लेकराचं नाव गावात राहतं, आहार गावात येतो आणि लेकरू दोनशे किलोमीटरवर उपाशी. शाळेत जाणारी बहीण सोबत चालली असेल तर तिच्या गुरुजीकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवलं की नव्या शाळेत बसवून घेतात आणि परत आल्यावर तिचं वर्ष वाया जात नाही.

अड्ड्यावर पहिला आठवडा

पहिला आठवडा फक्त ओळख आणि मोजणी. सकाळी जाऊ नका, कोणी भेटत नाही. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा, बाया भाकरी थापायलेल्या असतात, तेव्हा चुलीपुढं बसून बोलणं होतं. मावशी म्हणा, काकू म्हणा, आपल्याकडची असेल तर कुठल्या गावची, माहेर कुठलं, एवढं विचारलं की पुढचं आपोआप निघतं. हातात रजिस्टर घेऊन गेलात तर मात्र बाया गप होतात, त्यांना वाटतं सरकारी माणूस आला. मी आधी गप्पा मारायचो आणि बाहेर येऊन गाडीच्या उजेडात लिहायचो.

तीन आकडे लागतात. तीन वर्षाच्या आतली किती, तीन ते सहाची किती, आणि त्यांना सांभाळणाऱ्या पोरी किती. तिसरा आकडा कोणीच लिहीत नाही, तुम्ही लिहा.

मग अर्ज. एखाद्या वस्तीत सहा वर्षाखालची ४० लेकरं असतील आणि अंगणवाडी नसेल तर मागणी केल्यापासून तीन महिन्याच्या आत ती दिली पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. पण आपला हंगामच पाच महिन्याचा, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं द्या आणि पोच घ्या. लेकरं ४० च्या खाली असतील तर जवळच्या अंगणवाडीला जोडून द्या म्हणून मागणी करा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षाच्या प्रत्येक लेकराला स्थानिक अंगणवाडीतून फुकट आहार लिहिलेला आहे. आम्हाला एका ठिकाणी तोंडावर उत्तर मिळालं होतं की ही आमच्या गावची लेकरं नाहीत, आमच्याकडं आहार मोजून येतो. त्या दिवशी मला लई राग आला, पण भांडून उपयोग झाला नसता. आम्ही नावं, वय, मूळ गावच्या अंगणवाडीचं नाव अशी यादी जोडून लेखी अर्ज दिला, एक प्रत ग्रामसेवकाला, एक पर्यवेक्षिका मॅडमला, आणि बावीस दिवसांनी आहार सुरू झाला. तोंडी मागू नका, लेखी मागा.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तिथं सरपंचाला विचारा. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला पण भेटा, जागा, पाणी आणि एक लाईट एवढं तरी त्यांच्याकडून घ्या, ते त्यांच्या हातात असतं.

वेळ

इथं माझी पहिली चूक झाली. पहिल्या हंगामात आम्ही सकाळी नऊला उघडायचो, शाळेसारखं, स्वच्छ चटई टाकून, फळा लावून. पाच-सात लेकरं यायची. मला वाटायचं आई-बापाला आवड नाही. मग एक दिवस पहाटं साडेतीनला अड्ड्यावर गेलो आणि समजलं. बायांनी दोनलाच उठून भाकरी केलेल्या, बैलगाड्या जुंपलेल्या, आणि ज्यांची लेकरं सांभाळायला कोणी नाही त्या त्यांना गोधडीत गुंडाळून गाडीत टाकून फडात नेत होत्या. थंडी एवढी की बैलाच्या तोंडातून वाफ निघायलेली. नऊला मी चटई टाकायचो तोपर्यंत ती लेकरं पाच तास फडाच्या बांधावर बसलेली असायची, दवात भिजलेली.

म्हणून बालवाडीचं घड्याळ कोयत्याच्या घड्याळावर लावा. गाडीसेंटर (बैलगाडीनं ऊस वाहणारी टोळी) असेल तर पहाटं चारला कोणीतरी कोपी उघडून, शेकोटी करून बसलेलं पाहिजे, लेकरू झोपलेलंच आणून ठेवतात आणि ते सातपर्यंत तिथंच झोपतं. शिकवणं-बिकवणं साडेआठनंतर. दुपारी बाया मोळ्या भरून येतात, गाडी कारखान्याच्या वजनकाट्याला लागते, तेव्हा लेकरू न्यायला येतात. ट्रक-ट्रॅक्टरवाली टोळी असेल तर वेळेचा काही भरवसा नसतो, रात्री अकराला पण गाडी भरायला बोलावतात, तिथं आयांनाच विचारून ठरवा आणि दर आठवड्याला परत विचारा.

आई एक दिवस थांबली तर काय होतं, असं शहरातली माणसं विचारतात. तोडणीचा दर टनावर असतो. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन टनाला ३६६ रुपये झाला, पण उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला की तो अंगावर येतो. जोडीतली एक थांबली की दुसऱ्याचं पण काम बसतं. म्हणून आयांना दोष देऊ नका, कधीच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे लई आधी ओळखलं होतं. १९४५ ला बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला त्या आदिवासी लेकरांसोबत काम करायच्या, लेकरं बालवाडीत येईनात तर त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या, तिथूनच अंगणवाडी हा शब्द आला. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ ला आली त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. आपण फडाच्या कडेला तेच करायचं.

कोण सांभाळणार

बाहेरून ताई आणली तरी सोबत अड्ड्यावरचीच एक बाई पाहिजे. प्रत्येक अड्ड्यावर एखादी गरोदर, नुकती बाळंत झालेली, नाहीतर कंबर गेलेली म्हातारी असते, जिला तोडायला जमत नाही. तिला घ्या, पण फुकट राबवू नका. तिची मजुरी काय द्यायची हे पहिल्या दिवशी चार माणसात ठरवा आणि दर आठवड्याला हातात द्या. लेकरं तिच्याकडंच राहतात, कारण ती त्यांची भाषा बोलते आणि रात्री पण तिथंच असते.

भाषेचं सांगतो. आमच्या टोळ्यांत बंजारा लेकरं लई असतात, घरात गोरमाटी. ताई म्हणते आई कुठंय, लेकरू गप, कारण त्याच्यासाठी ती याडी असते. भाकरी म्हटलं की ते बघत बसतं, बाटी म्हटलं की हात पुढं करतं. पहिले पंधरा दिवस ताईनंच वीस-पंचवीस शब्द शिकून घ्यावेत, याडी, बाटी, पाणी, शी, सू, झोप, दुखतंय. लेकराची मराठी नंतर आपोआप येते. घरची बोली बोलल्याबद्दल कोणी त्याला हसलं तर तिथल्या तिथं थांबवा.

बारक्यांना माणूस जास्त लागतं. तीन वर्षाखालची पाच लेकरं एका बाईला पुष्कळ झाली, मोठी असतील तर पंधरा-वीस चालतात. माणूस एकच असेल तर आधी तीन ते सहाची घ्या आणि तान्ह्यांचं पुढच्या महिन्यात बघा. मला हे म्हणायला वाईट वाटतं, पण एकटी बाई आणि तीस लेकरं असं केलं तर कोणीतरी जखमी होतं.

जागा

ट्रॅक्टरच्या वाटेपासून, काट्यापासून आणि कालव्यापासून लांब. जायकवाडीचा कालवा आमच्या कितीतरी अड्ड्यांच्या अगदी बाजूनं जातो, विहिरी बिनकठड्याच्या असतात. कोपी मोठी बांधून घ्या, दोन बाजूंनी दारं ठेवा कारण पाचट पेटलं की दोन मिनिटं पण मिळत नाहीत. आत चूल नको, शेकोटी बाहेर आणि दहा पावलं दूर, जवळ पाण्याचा ड्रम भरलेला. सभोवती कमरेएवढं कुंपण, तुराट्यांचं चालतं. पाचटाच्या ढिगात हात घालू द्यायचा नाही, खाली साप-विंचू असतात. जमिनीवर ताडपत्री, वर पाचट नको, वर चटई. लेकरं दर अर्ध्या तासाला मोजायची, तोंडानं आकडा मोठ्यानं म्हणत, आणि भिंतीवर १०८ (ॲम्ब्युलन्स) आणि १०९८ (चाइल्डलाईन) हे दोन नंबर मोठे लिहून ठेवायचे. साप चावला तर मांत्रिक नाही, १०८ आणि सरकारी दवाखाना.

झोळी बांधताना जमिनीपासून हातभरच वर बांधा आणि बांबू रोज हलवून बघा. आणि लेकराच्या पायाला साडीचा काठ बांधून दुसरं टोक बाजेला, हे अड्ड्यावर सर्रास दिसतं. आई ते मायेपोटीच करते, लेकरू ट्रॅक्टरखाली जाऊ नये म्हणून. तुमची बालवाडी नीट चालली की ती गाठ आपोआप सुटते.

दिवसभर काय घ्यायचं

पहिले आठ दिवस लेकरं रडतात. रडू द्या, मांडीवर घ्या, आईचं जुनं लुगडं नाहीतर ओढणी सोबत ठेवायला सांगा, त्या वासानं लेकरू शांत होतं. पाटी-पेन्सिल काढायची घाई करू नका. आया म्हणतात अ आ इ शिकवा, त्यांची तळमळ खरी असते, त्यांना सांगा की बोटं आधी मातीत आणि दोऱ्यात तयार होतात, मग पेन्सिल धरतात.

सामान विकत आणायची गरज फार कमी पडते. अड्ड्यावर लेकरं काय खेळतात ते दोन दिवस नुसतं बघा. ती मोळी-मोळी खेळतात. काडीचा कोयता करून पाचट तोडतात, बांधतात, डोक्यावर घेतात, गाडी भरतात. हाच आमचा अभ्यासक्रम झाला. एका मोळीत दहा काड्या बांधायच्या, पाच मोळ्या इथं, तीन मोळ्या तिथं, कोणाची लांब, कोणाची आखूड, कोणाची जड. हँगरला दोन नारळाच्या करवंट्या बांधून काटा केला. एके दिवशी चार वर्षाची एक पोरगी काट्यापाशी बसली, हातात कागदाचा तुकडा, त्यावर कोळशानं नागमोडी रेघा मारल्या, टर्रकन फाडला आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामा, ही घ्या तुमची चिठ्ठी, दीड टन." तिनं बापाच्या हातात वजनाची चिठ्ठी बघितली होती आणि कागदावरच्या रेघांना काहीतरी किंमत असते हे तिला समजलं होतं. लिहिणं तिथूनच सुरू होतं. त्या दिवसापासून आम्ही रोज चिठ्ठ्या फाडतो, आधी रेघा, मग गोल, मग ज्याच्या-त्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

बाकी पण असंच. ओल्या मातीचे बैल, ढिगाऱ्यातल्या चाळलेल्या वाळूत बोटानं रेघा, वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) पानाची वेणी, तूर-हरभरा-ज्वारी वेगळी करणं (हे तीन वर्षाच्या पुढच्यांनाच, बारकी नाकात घालतात). गोष्टी आयांकडूनच घ्या. रविवारी नाहीतर ज्या दिवशी कारखाना बंद असेल त्या दिवशी एखाद्या आजीला बसवा, त्यांच्याकडं जात्यावरच्या ओव्या असतात, भूता-खेताच्या असतात, बैलाच्या असतात. शासनाचा अंगणवाड्यांसाठीचा अभ्यासक्रम असतो, जवळच्या ताईकडून तो घेऊन ठेवा, महिन्याचे विषय त्यात चांगले लावलेत, पण फळं-भाज्यांच्या चित्रांऐवजी खरी वांगी आणि खरी बोरं घ्या.

रोजचा क्रम एकच ठेवा. ज्या लेकराचं घरच दर दोन-चार आठवड्यांनी हलतं, त्याला निदान एवढं तरी ठाऊक पाहिजे की हात धुतल्यावर खाऊ, खाऊनंतर गोष्ट, गोष्टीनंतर झोप. हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही, लेकरांनीच शिकवलं. एक दिवस गोष्ट राहिली तर दहा जण दारात उभे राहिले, हलेचनात.

खाणं आणि तब्येत

आई पहाटंच भाकरी आणि ठेचा बांधून देते, लेकराला ते तिखट लागतं, मग ते दिवसभर ऊस चघळतं. तोंडात कांडी असलेल्या लेकराला भूक लागत नाही, दात किडतात आणि अंग धरत नाही. म्हणून सकाळी आठला गरम काहीतरी द्याच, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, गूळ-शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खे शेंगदाणे बारक्यांना नको, ठसका बसतो. कायद्यानं ठरलेला अंगणवाडीचा आहार मिळत असेल तर आपलं वरचं फक्त सकाळचं.

महिन्यातून एकदा दंडाची पट्टी लावा, ती आशाताईकडं मिळते. सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकराचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल दाखवते, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याला खाणं वाढवा आणि पंधरा दिवसांनी परत मोजा. डॉक्टरनं पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगितलं की बाप म्हणतो बाई थांबली तर कोयता मोडतो. तिथं आईला बुडीत मजुरी मिळते, हे आधी सांगा, मुकादमाला पण सांगा, आणि सोबत जा.

जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्यासोबत चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, आशाताई देते, जुलाब थांबले तरी बंद करायच्या नाहीत.

आक्कांचं काय

बालवाडी जमली की आठ-दहा दिवसात पोरी मोकळ्या होतात आणि तिथंच बसून राहतात, कारण त्यांना दुसरीकडं जायची सवयच नसते. त्यांना मदतनीस करून टाकू नका. सोपं असतं, त्या हुशार असतात, लेकरं ऐकतात, पण मग आपणच त्यांची शाळा बुडवली. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा असायच्या, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि जवळच्या नेहमीच्या शाळेत घालायचं धोरण आलं, तशा त्या बंद होत गेल्या. म्हणजे आता जवळची जिल्हा परिषद शाळा हीच त्यांची शाळा. दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. हेडमास्तरांना भेटून या, पहिले आठ दिवस पोरींना स्वतः सोडून या, येताना घेऊन या. बहीण सकाळी बारक्याला बालवाडीत सोडते, तिथून शाळेत जाते, शाळा सुटली की न्यायला येते. तिला दिवसातून दोनदा तो दिसतो, म्हणून तिचा जीव घाबरत नाही. शाळेतल्या पोरांनी उसवाल्याची म्हणून चिडवलं तर गुरुजींना सांगा, पोरी घरी सांगत नाहीत, नुसत्या जायच्या बंद होतात.

पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) आधी

मार्चमध्ये कधी टोळी हलेल सांगता येत नाही, रात्री निरोप येतो आणि पहाटं कोपी मोडलेली असते. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटीच प्रत्येक लेकराची वही तयार ठेवा. पुठ्ठ्याची, आत त्याच्या चार-पाच चिठ्ठ्या, दर महिन्याचं वजन आणि दंडघेर, कुठली लस इथं टोचली त्याची तारीख, लेकराला काय येतं काय आवडतं ते चार ओळीत, आणि त्याचा एक फोटो. ही वही कागदाच्या प्लास्टिक पिशवीतच घाला म्हणजे पेटीत जाते. गावच्या अंगणवाडी ताईला फोन करून सांगा की लेकरू येतंय, ट्रॅकरवर नाव परत घ्या. बारक्यानं तिच्याकडं गेल्यावर चिठ्ठी फाडून दिली तर ती काय आहे हे पण तिला सांगून ठेवा, नाहीतर ती कागद फाडला म्हणून रागवेल.